मार्करने बाराबंदी रंगवायची तर

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचं चित्र मंगा, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या स्टाइलमध्ये काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतोच, काय बे, सगळेच पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या अंगरख्यात, मग रंगवायचं काय? तर पांढरं रंगवायचंच नसतं. अल्कोहोल मार्करची शाई पारदर्शक असते, गडद झालेलं परत फिकं होत नाही, म्हणून पांढरं म्हणजे कागद सोडून देणं, आणि कुठे सोडायचं ते आधीच ठरवणं. मार्कर आर्टमधलं निम्मं काम तिथंच होतं.

सुरुवातीला ७२ रंगांचा सेट घेऊ नका, खरंच. सुटे घ्या आणि आधी ग्रे घ्या. कॉपिक या जपानी ब्रँडच्या मार्करचे नंबर एकदा कळले की दुकानात गोंधळ होत नाही. ई३५ मध्ये ई म्हणजे मातकट तपकिरी घराणं, पहिला आकडा जितका मोठा तितका रंग मळकट, शेवटचा आकडा जितका मोठा तितका गडद. सी म्हणजे कूल ग्रे, डब्ल्यू म्हणजे वॉर्म. सी१, सी३, सी५ आणि आपल्या उन्हात रापलेल्या चेहऱ्यांसाठी ई३३, ई३५, ई३७, एवढ्यावर यात्रा निघते. कॉपिक महाग वाटत असेल तर स्वस्त मार्करवर हात बसवा, पद्धत तीच, फक्त कॉपिकमध्ये शाई परत भरता येते आणि निब, म्हणजे टोक, बदलता येतं.

लाइन आर्ट, म्हणजे बाहेरच्या रेषा, पिगमेंट लायनरने (मार्करखाली न विरघळणाऱ्या शाईच्या बारीक पेनाने) करा, बॉलपेन अजिबात नको, त्याची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि अख्खा चेहरा निळा होतो. नाहीतर सरळ झेरॉक्स काढा. कॉपिक १९८७ साली आले तेच झेरॉक्सच्या टोनरवर रंगवलं तरी रेष फिसकटू नये म्हणून, त्यामुळे जाड गुळगुळीत कागदावर चार कॉपी मारल्या की एक बिघडली तरी टेन्शन नाही. खाली मात्र रद्दी कागद ठेवा, शाई आरपार जाते, आईच्या चादरीवर उतरली तर तुमचं तुम्ही बघा.

आता बाराबंदी. ती बंदांनी बांधतात, त्यामुळे छातीवर कापड ओढलं जातं आणि चुण्या गाठीकडे धावतात, सगळ्या चुण्या उभ्या काढल्या की तो नुसता सदरा दिसतो. ऊन डावीकडून धरलं तर उजवी बाजू, काखेखाली आणि प्रत्येक गाठीच्या खाली सी१ ची सावली द्या, ती वाळली की त्यातल्याच अर्ध्या भागावर परत सी१, तोच मार्कर दुसऱ्यांदा फिरवला की गडद होतो, नवीन रंग लागत नाही. सी३ फक्त अगदी खोल घडीत. थोडी फिकी जांभळट बीव्ही२० मारली तर कापड थंडीतल्या सकाळचं वाटतं, पण ती जास्त झाली की सगळं लॉन्ड्रीत नीळ दिल्यासारखं होतं.

चेहऱ्याला ब्लेंडिंग, म्हणजे रंग एकमेकांत मिसळणं, हवं, आणि ते शाई ओली असेपर्यंतच होतं. आधी ई३३ पूर्ण भरा, लगेच गालाखाली ई३५ आणि जोडावर परत ई३३. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४० च्या वर पारा, त्यात डोक्यावर पंखा, शाई बघता बघता उडून जाते, म्हणून पंखा बंद किंवा सकाळी लवकर बसा, आणि एका वेळी एकच छोटा भाग घ्या. टोपण टक्क आवाज येईपर्यंत लावा आणि मार्कर आडवे ठेवा, दोन्हीकडे निब असतात, उभे ठेवले तर वरचं निब कोरडं पडतं.

मिशा, केस, हलगीवाल्याची सावली हे ठोस काळे भाग रंग झाल्यावरच ब्रश पेनने भरा, आधी भरले तर मार्कर तो काळा रंग ओढत नेतो. मंगाचा जोर या काळ्यातच आहे, घाबरून बारीक बारीक रेघा मारू नका. डोळ्यातला चमकता ठिपका आणि नंदीध्वजावरची, म्हणजे यात्रेतल्या सजवलेल्या उंच काठीवरची, झळाळी पांढऱ्या जेल पेनने, सगळ्यात शेवटी.

आवाजपण चित्रातच काढायचा. जपानी मंगात आवाजाची अक्षरं पात्रांच्या मागून-पुढून पळतात, आपल्याकडे तर यात्रेतला ‘हर्र बोला हर्र’ हा गजर तयारच आहे, ते तिरकं, जाड, नंदीध्वजाच्या काठीच्या मागून निघालेलं काढा, शिरोरेषा मुद्दाम तुटलेली. फक्त चौकटी उजवीकडून डावीकडे लावायच्या भानगडीत पडू नका, जपानीत ते त्यांच्या लिपीमुळे आहे, देवनागरी वाचणारा डावीकडूनच सुरू करणार आणि तुमचा नंदीध्वज उलटा मंदिराकडे परत चाललेला दिसणार.