ग्रीक-रोमन इतिहासाचे संदर्भ शोधताना

‘रोमचं सोनं भारतात वाहून जातं, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती.’ प्राचीन भारताचा इतिहास शिकलेल्या प्रत्येकाने हे वाक्य वाचलेलं असतं. भारत-रोम व्यापारावर काम सुरू केलं तेव्हा आमच्या सरांनी मला पहिलंच काम दिलं ते हे वाक्य मूळ ग्रंथात शोधण्याचं. नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांना मीही हेच सुचवते, कारण त्या एका शोधात बरंच काही शिकून होतं.

प्लिनीच्या ‘नॅचरल हिस्टरी’त ही गोष्ट दोन ठिकाणी येते. सहाव्या खंडात, परिच्छेद १०१ मध्ये, तो म्हणतो की भारत दरवर्षी साम्राज्याचे किमान ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो. बाराव्या खंडात, परिच्छेद ८४ मध्ये, आकडा १० कोटींचा आहे, पण तो भारत, चीनकडचे सेरेस लोक आणि अरबस्तान यांचा मिळून. दोन्हीकडे रक्कम सांगितली आहे. ती सोन्यातच गेली असं तिथे म्हटलेलं नाही. एवढा फरक पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत सहज पुसला जातो.

अभिजात ग्रंथांचा संदर्भ पान क्रमांकाने देत नाहीत. खंड आणि परिच्छेदाने देतात, म्हणजे आवृत्ती कुठलीही असली तरी जागा सापडते. प्लिनीच्या बाबतीत मात्र जपून. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या मोफत संग्रहात बॉस्टॉक आणि रायली यांचं एकोणिसाव्या शतकातलं भाषांतर आहे. त्यात जुने प्रकरण क्रमांक आहेत, त्यामुळे ६.१०१ हा मजकूर तिथे ६.२६ मध्ये मिळतो. नवखा माणूस इथे हमखास अडखळतो. लोएब ग्रंथमाला (सुरुवात १९११) समोरासमोरच्या पानांवर मूळ आणि इंग्रजी भाषांतर देते; ग्रीक पुस्तकं हिरव्या वेष्टनात, लॅटिन लाल. जुने लोएब खंड ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर मिळतात. लॅटिन येत नसलं तरी मूळ मजकूर शेजारी ठेवाच, निदान आकडे आणि नावं ताडून बघता येतात.

कोश वाचायचा तो पत्ते गोळा करायला. ‘ऑक्सफर्ड क्लासिकल डिक्शनरी’ची (चौथी आवृत्ती २०१२) नोंद लहान असते, पण प्राचीन लेखकांचे संदर्भ तिच्यातच दिलेले असतात. विकिपीडियाही मी तेवढ्यासाठीच उघडते.

ग्रंथांवर थांबू नका. प्लिनी रोममध्ये बसून लिहीत होता. व्यापाऱ्यांची कागदपत्रं वेगळं बोलतात. व्हिएन्नात जपलेल्या, दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावर) ‘हर्मापोलोन’ जहाजातून आलेल्या मालाचा हिशेब आहे, आणि त्यात मुझिरिसचा, म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन बंदराचा, करार येतो. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’, म्हणजे समुद्री व्यापाराची ग्रीक मार्गदर्शिका, तर आपल्या घरचा: ५१व्या परिच्छेदात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ५२व्यात कल्याण. शॉफ यांचं १९१२चं भाषांतर मोफत मिळतं, पण टिपा जुन्या झाल्यात. शक्य असेल तर कॅसन यांची १९८९ची आवृत्ती वापरा. मग तेरचं संग्रहालय आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती पाहायला जाताना काय शोधायचं ते माहीत असतं.

आधुनिक पुस्तक हाती घेण्याआधी ‘ब्रिन मॉर क्लासिकल रिव्ह्यू’त त्याचं परीक्षण वाचा. १९९०पासूनची परीक्षणं तिथे मोफत आहेत, आणि पुस्तकातल्या कुठल्या दाव्यावर जाणकारांचा आक्षेप आहे ते दोन-तीन पानांत समजतं.