चक्रीवादळानंतर गरीब गाव पुन्हा उभं करताना: विहीर, छप्पर, बियाणं

मदतीचा ट्रक रिकामा करण्याआधी गावात एक गोष्ट विचारून घ्या: पुढची पेरणी केव्हा आहे? त्या तारखेपासून उलटं मोजत कामं लावायची. मार्च २०१९ मध्ये इडाई वादळ मोझांबिकवर आलं तेव्हा पिकं कापणीला आली होती. घरातलं धान्य आणि पुढचं बियाणं, दोन्ही एकदमच गेलं. अशा ठिकाणी तीन महिने शिधा वाटला आणि बियाणं उशिरा पोहोचलं, तर पुढचं अख्खं वर्ष शिधाच वाटावा लागतो.

यादी करताना गावप्रमुखाच्या ओसरीवर बसून राहू नका. गावातल्याच दोन बायका सोबत घ्या आणि शेवटच्या घरापासून सुरुवात करा. छप्पर किती उरलं, पाणी कुठून आणता, किती दिवसांचं धान्य आहे, जनावरं आणि अवजारं काय वाचली, आणि घराखालची जमीन कोणाची, एवढं प्रत्येक घरी विचारा. भूमिहीन, कुळानं कसणारे, एकट्या बायका, अंथरुणाला खिळलेली माणसं यादीतून गळतात ती इथेच. यादी पूर्ण झाली की चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवा. चुकलेली नावं तिथल्या तिथे निघतात आणि मागाहूनची भांडणं टळतात.

विहीर

माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागतं असं धरून चाला. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीचा आधी काठ साफ करा, तरंगता कचरा काढा, मग उपसा करून गाळ काढा. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर मात्र हात आखडता ठेवा. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं आणि कच्च्या विहिरीच्या कडाही ढासळतात. गाळ निघेल इतकाच उपसा करून पुढचं पावसावर सोपवा आणि तोवर पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा. क्लोरीननं जंतू मरतात, मीठ जात नाही.

निर्जंतुकीकरणासाठी आधी पाणी मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ नं गुणलं की लिटर मिळतात. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. पुरानंतरच्या पहिल्या खेपेला दर १,००० लिटरला ५० ग्रॅम ताजी टीसीएल पावडर (क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर), म्हणजे या विहिरीला १.४ किलो. पावडर थेट विहिरीत ओतू नका, तिच्यातला चुना तळाशी बसतो. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. थोड्या पाण्यात लगदा करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या बादलीत काढा, ती दोरानं विहिरीत खोल सोडा आणि वरखाली हलवा. रात्रभर विहीर बंद ठेवा. सकाळी क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत पाणी उपसा आणि ओटी टेस्ट (पाण्यात किती क्लोरीन उरलं ते रंगावरून दाखवणारी चाचणी) घ्या. लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन उरलं की पाणी प्यायला द्या. त्यानंतर रोज दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम पुरतं.

हे फसतं ते बहुधा दोन कारणांनी. उघडी राहिलेली, ओल धरलेली पावडर निकामी झालेली असते. वास मंद आला, गठ्ठे दिसले की ती बाजूला काढा. दुसरं कारण गढूळ पाणी. त्यातली माती आणि कुजका पालाच क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून आधी पाणी निवळू द्या. पावडर हाताळताना नाक-तोंड झाका आणि ती डिझेल-तेलापासून लांब ठेवा, आग लागू शकते.

छप्पर

सुरुवातीला प्रत्येक घराला ४ बाय ६ मीटरच्या दोन जाड ताडपत्र्या आणि सुमारे ३० मीटर दोरी द्या. ताडपत्रीत थेट खिळा मारला की वाऱ्यानं तिथूनच फाटते. कड एका पट्टीभोवती गुंडाळा आणि पट्टीला खिळा मारा. कोपऱ्याचं भोक फाटलं असेल तर तिथे ताडपत्रीत आतून गुळगुळीत दगड धरा आणि दगडामागे जमलेल्या चुणीभोवती दोरी आवळा. उतार पुरेसा ठेवा, पाणी साचलं की ताडपत्री खाली येते.

पक्कं छप्पर घालताना एकच गोष्ट तपासत राहा: पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब जमिनीला धरून आहे का? वादळ छपराला खाली दाबण्यापेक्षा वर उचलतं. नुसत्या वजनावर बसलेला एक जोड जरी राहिला तरी छप्पर तिथूनच सुटतं. म्हणून प्रत्येक जोडाला खिळ्याखेरीज जस्ताची पट्टी किंवा जाड जस्ती तार वेढून पिळा.

पाखांचा उतार ३० अंशांहून कमी नको, सपाट छपराला वारा सहज उचलतो. वळचण ४५ सेंटिमीटरपेक्षा पुढे काढू नका. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, म्हणजे पडवी उडाली तरी घर झाकलेलं राहतं. रिपा ६० सेंटिमीटरवर, कडांना आणि आढ्याजवळ आणखी जवळ. पत्रा २६ गेजचा घ्या (गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ). पातळ पत्रा स्वस्त वाटतो, पण वाऱ्यानं फडफडून खिळ्याच्या डोक्याभोवती चिरत जातो आणि खिळा लाकडातच राहून पत्रा उडून जातो. खिळा नेहमी पन्हाळीच्या उंचवट्यावर, रबरी वायसरसकट. खोलगट भागात मारला तर गळतो, आणि गळतीनं रीप कुजली की धरही जाते. कडांना आणि आढ्याला प्रत्येक उंचवट्यावर खिळा, मध्ये एकाआड एक. टोक रिपेच्या खाली निघत असेल तर वाकवून ठोका. चारही भिंतींना तिरपे आधार द्या आणि खांबाच्या जमिनीतल्या टोकाला आडवा तुकडा ठोकून तो किमान ६० सेंटिमीटर पुरा.

नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळात फिलिपिन्समध्ये नारळाची कोट्यवधी झाडं पडली आणि त्यांतली पुष्कळशी कापून घरांना वापरली गेली. खोडाचा बाहेरचा टणक भागच वासे-खांबांना घ्या, आतला भुसभुशीत भाग टिकत नाही. उरलेली खोडं बागेत कुजू देऊ नका. त्यांत गेंडा भुंगा अंडी घालतो आणि मग उभी झाडंही जातात.

घर दुरुस्त करण्याआधी जमिनीचं पाहा. दुसऱ्याच्या जागेवरचं घर मदतीनं नीट झालं की मालक भाडं वाढवतो किंवा घर रिकामं करायला लावतो, आणि मदत शेवटी त्याच्याच पदरात पडते. किती वर्षं राहू देणार हे गावासमोर लिहून, सह्या घेऊन मगच पत्रे उतरवा. मालक तयार नसेल तर सुटं करून नेता येईल असं, नटबोल्टचं घर बांधा.

शेत आणि मजुरी

शेतात समुद्राचं पाणी अडलं असेल तर बांध फोडून आणि चर मोकळे करून ते आधी बाहेर काढा. वर मिठाचा पांढरा थर दिसत असताना नांगर घालू नका, मीठ खोल मिसळतं. थर खरवडून काढा, मग गोड्या पाण्यानं किंवा पावसानं जमीन धुऊ द्या.

भिजून वाळवलेलं बियाणं फेकून देण्याआधी किंवा पेरण्याआधी तपासा. १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फडकं सुकू देऊ नका आणि त्या पिकाला उगवायला लागतात तेवढ्या दिवसांनी मोजा. ८० च्या वर कोंब आले तर नेहमीसारखं पेरा, ६० च्या आसपास असतील तर पेरताना बियाण्याचं प्रमाण वाढवा, निम्म्याहून कमी असतील तर दुसरं शोधा. आधी शेजारच्या वाचलेल्या गावांत विचारा. तिथलं वाण त्या मातीला सरावलेलं असतं. दुरून आणलेलं अनोळखी वाण संकटाच्या वर्षी गरीब शेतकऱ्याच्या माथी मारू नका.

दुकानं चालू असतील तर वस्तूंऐवजी रोख द्या. मलबा, रस्ता, चर यांची कामं गावकऱ्यांकडूनच मजुरीवर करून घ्या, बायकांना तोच दर द्या आणि पैसे दर आठवड्याला चुकते करा. मजुरी लांबली की माणूस सावकाराकडे जातो आणि पुढचं पीक उभं राहण्याआधीच गहाण पडतं. दर शेतमजुरीपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर पेरणीच्या दिवसांत शेतावर कोणी फिरकत नाही. पेरणी आली की मलब्याचं काम आठवडाभर सरळ बंद ठेवा.