परदेशी विमानाचं स्वस्त तिकीट: हिशेब घराच्या दारापासून मांडा

लातूर-नांदेडकडचं कुणी टोरांटोला किंवा फ्रँकफर्टला निघालं की तिकीट मुंबईहूनच शोधलं जातं. सवयच तशी पडली आहे. खरं तर या पट्ट्याला हैदराबाद मुंबईपेक्षा बरंच जवळ आहे, आणि एमिरेट्स, कतार एअरवेज, एतिहाद दोन्हीकडून उडतात. म्हणून गूगल फ्लाइट्सच्या निघण्याच्या रकान्यात बीओएम (मुंबई) आणि एचवायडी (हैदराबाद) हे दोन्ही कोड एकदम टाका. पोचण्याच्या ठिकाणीही एकाच विमानतळावर अडून बसू नका. न्यूयॉर्कला जायचं तर शेजारचा नेवार्क विमानतळही धरा.

आलेल्या प्रत्येक भाड्यात गाडी किंवा ट्रॅव्हल्सचं तिकीट, टॅक्सी, लागलाच तर लॉजचा मुक्काम मिळवा आणि मग तुलना करा. स्क्रीनवर दोन हजारांनी महाग दिसणारं हैदराबाद नांदेडकराला शेवटी स्वस्त पडू शकतं. संभाजीनगर-जालन्याच्या माणसाला मात्र बहुधा मुंबईच सोयीची, कारण तिथून विमानंही जास्त.

आता तारखा. खरी बचत इथेच आहे. कॅलेंडरमधली तारखांची जाळी उघडा आणि जाण्या-येण्याच्या दोन्ही तारखा तीन-तीन दिवस मागेपुढे सरकवून पाहा. मंगळवार-बुधवार अनेकदा हलके असतात. उन्हाळ्याची सुट्टी आणि डिसेंबरचा दुसरा पंधरवडा महाग, तर जानेवारीअखेर ते मार्चचा पूर्वार्ध बऱ्याच मार्गांवर उतरता. प्रवासाच्या दोन ते पाच महिने आधी दराची सूचना लावून ठेवा, म्हणजे रोज शोधत बसावं लागत नाही. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत शोधलं की भाडं उतरतं, ही ऐकीव गोष्ट आहे. भाडं हलतं ते वेगळ्याच कारणाने: इकॉनॉमीतल्या जागा कंपनी वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकते, आणि स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो.

याचा एक व्यवहारी उपयोग आहे. चौघांचं तिकीट एकदम शोधलंत आणि स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरचा दर लागतो. आधी एकाचं भाडं पाहा, मग चौघांचं. माणशी दरात फरक दिसला तर तीन आणि एक असं वेगळं काढा. मात्र असे दोन पीएनआर झाले की विमान रद्द झाल्यावर सगळ्यांना एकत्र बदली मिळेलच असं नाही. सोबत म्हातारं माणूस असेल तर हा मोह नको.

मोठ्या कंपन्यांचं जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट दोन सुट्या तिकिटांपेक्षा अनेकदा स्वस्त पडतं. मुंबईहून जाऊन परतताना हैदराबादला उतरायचं असेल तर ‘मल्टी-सिटी’ या पर्यायात शोधा.

सर्वांत महागात पडणारी चूक पुढचीच. संभाजीनगर-मुंबई-लंडन असं एकच तिकीट काढलं आणि ‘मुंबईपर्यंत देवगिरी एक्स्प्रेसनेच जाऊ, तिथून बसू’ म्हणून पहिला टप्पा सोडला, तर पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, रद्द होतात. गाडीनेच जायचं असेल तर तिकीट मुंबईहूनच काढा. उलट, देशातलं विमान आणि परदेशी विमान अशी वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं उशिरा आलं, तर दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही. सामानही मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागतं. मध्ये सात-आठ तास हवेतच. पहिलं विमान सहारला उतरतं की नवी मुंबईला, हेही बघून घ्या. दोन विमानतळांमध्ये आख्खं मुंबईचं ट्रॅफिक आहे.

परदेशात विमान बदलताना ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो.

पैसे भरण्याआधी सामानाची ओळ वाचा. ‘लाइट’सारख्या भाड्यात अनेकदा चेक-इन बॅग नसतेच, आणि लोणची-मसाले-पापड घेऊन निघालेल्याला काउंटरवर वाढीव बॅग घेणं फार महाग पडतं. तोच प्रवास कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही पाहा. शे-पाचशेचा फरक असेल तर तिथूनच घ्या, कारण तारीख बदलताना मधला एजंट आपलं शुल्क वेगळं लावतो. रक्कम डॉलरमध्ये दिसत असेल तर कार्डाचा परकीय चलनाचा आकारही धरा.

नाव पासपोर्टातल्यासारखंच टाका. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा पहिल्या नावाच्या रकान्यातच छापलेलं असतं. ते आडनावात ढकलू नका.

शेवटी वेळ. लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारखेचे रात्रीचे १:३० असतील तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्री साडेदहाला हजर व्हायचं, म्हणजे मुंबईच्या विमानासाठी नांदेडहून गाडी १० तारखेच्या संध्याकाळची धरायची.