मॉर्मन पायनियर गाव कसं वसवायचं: आधी पाट, मग घर

समजा १८६१ चा ऑक्टोबर आहे, अमेरिकेतल्या युटामध्ये सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन लोकांच्या (एक ख्रिस्ती पंथ) चर्चची कॉन्फरन्स चालू आहे, नावं वाचली जातायत आणि त्यात तुमचंही नाव निघालं. चर्चचा प्रमुख ब्रिगम यंग याचा हुकूम म्हणजे नाही म्हणायची सोय नाही, पाचेकशे किलोमीटर दक्षिणेला जाऊन सेंट जॉर्ज वसवायचं आणि कापूस पिकवायचा, कारण सिव्हिल वॉर (अमेरिकेचं यादवी युद्ध) सुरू झालंय आणि दक्षिणेकडच्या राज्यांतला कापूस मिळेनासा झालाय. सोबत तीनशेच्या आसपास कुटुंबं. यादी बघा, नुसते शेतकरी नाहीत, लोहार, गवंडी, सुतार पण आहेत. हे बेस्ट केलंय, कारण तिकडे नांगराचा फाळ मोडला तर विकत मिळणार नाहीये.

आता मेन गोष्ट. तिथे पोचल्यावर घर बांधायला घेऊ नका. वॅगनची पेटी चाकांवरून उतरवून जमिनीवर ठेवा, त्यात झोपा, नाहीतर तंबू आहेच, हिवाळा तसाच काढायचा. आधी पाणी! या भागात पाऊस इतका कमी की पाटाशिवाय काहीच उगवत नाही. १८४७ च्या जुलैमध्ये सॉल्ट लेकला मॉर्मनांची पहिली तुकडी आली तेव्हा जमीन अशी कडक की नांगर मोडायला लागले, मग त्यांनी सिटी क्रीक नावाचा ओढा अडवून रान भिजवलं, नांगरलं आणि लगेच बटाटे लावून टाकले. तोच धडा गिरवायचा.

पाट काढताना उताराकडे नीट लक्ष द्या. सर्व्हेअर नसेल तर दोन फळ्या वर जोडून खाली आडवी पट्टी मारा, वरून ओळंबा सोडा आणि दर काही पावलांवर चेक करत चला. उतार जास्त झाला तर पाणी पाटच खरवडून नेतं, कमी झाला तर गाळ साचतो आणि दर वसंतात सगळ्या गावाला फावडी घेऊन उतरावं लागतं (ते तसंही लागतंच). जो जितका खणेल त्या हिशोबाने पाण्याचा वाटा, आणि पाळी लावायला एक पाटकरी नेमा. पाळी रात्री दोनला आली तर कंदील घेऊन जायचं, कुरकुर नको, भांडणं सगळी इथेच होतात.

गावाची आखणी सोपी आहे, काटकोनात रुंद रस्ते, चौकोनी ब्लॉक, चिठ्ठ्या टाकून प्लॉट. घर, परसबाग, गोठा गावात आणि शेतं गावाबाहेर, म्हणजे चर्च, शाळा, शेजार सगळं जवळ.

एक गोष्ट मात्र लपवू नका: जमीन रिकामी नाहीये. सेंट जॉर्जजवळच्या सांता क्लारा आणि व्हर्जिन नदीकाठी पायूट लोक (तिथले मूळ रहिवासी) आधीपासून मका, भोपळा पिकवतायत, तेही पाटाच्याच पाण्यावर. तुम्ही पाणी वळवलं आणि तुमची गुरं चरायला सुटली की त्यांची उपासमार ठरलेली. पायनियरांच्या शौर्यकथांमध्ये हा भाग पटकन उरकतात, मला तरी ते पटत नाही.

आणि नदीवर भरवसा ठेवू नका. १८६२ च्या जानेवारीत असा पूर आला की सांता क्लाराचा किल्लाच वाहून गेला. व्हर्जिनवरचे झाडोरा, दगड-मातीचे बांध तर परत परत फुटायचे, त्यामुळे बांध परत घालायची तयारी कायम ठेवा आणि एक तरी पीक असं घ्या जे पहिल्याच वर्षी पोटाला मिळेल, फक्त कापूस लावून बसू नका.

चर्चला द्यायच्या दशांशाचं टेन्शन घेऊ नका. रोख पैसा कोणाकडेच नसतो, म्हणून धान्य, अंडी, काकवी, जे पिकेल त्याचा दहावा भाग टायदिंग ऑफिसात (चर्चच्या दशांश कचेरीत) द्यायचा. सेंट जॉर्जला द्राक्षं चांगली यायला लागली तेव्हा लोक वाइनसुद्धा जमा करायचे, आणि चर्च, जे दारू पिऊ नका म्हणतं, ती बरीच वर्षं घेत होतं.