मारहाण थांबवायला कोर्टात अर्ज कसा करायचा
माझ्या धाकट्या बहिणीचं सासर मिरजेचं. ती माहेरी कोल्हापुरात आली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, 'आता केस मिरजेलाच लढवायची बघ.' तसं काही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार बाई तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडंही अर्ज चालतो. आम्ही कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात केला.

अंगावर वळ असतील तर आधी सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय, गाठा. डॉक्टरांना 'जिन्यावरून पडले' सांगू नका. कुणी मारलं ते सांगा, केसपेपर जपून ठेवा. मग महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडं जा. घटनेचा अहवाल ते लिहून घेतात. तिथं 'नेहमी मारतो' एवढंच बोलून भागत नाही. 'पाडव्याच्या रात्री पट्ट्यानं मारलं, सासूनं दार लावून घेतलं' असं सांगा. धमकीचे मेसेज पुसू नका. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही.

अर्जात राहत्या घराचा हक्क, खर्ची, मुलांचा तात्पुरता ताबा, सगळं एकदमच मागा. अंतरिम आदेश, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश, तर हवाच. कायदा ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करा म्हणतो, पण तारखा त्यांच्या गतीनं पडतात!

मारहाणीला मनाई करणारा संरक्षण आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत घेऊन सरळ ठाण्यात जा. मारणारा भाऊ असो की लग्नाविना सोबत राहणारा, कायदा हाच. रात्रीअपरात्री ११२ किंवा १८१ लावा.