डीव्हीआर संध्याकाळी सातलाच का बंद पडत होता : घरगुती नेटवर्कवर काम शिकणाऱ्यांसाठी अनुभव

सीसीटीव्हीच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना केबल ओढणे, बीएनसी कनेक्टर बसवणे, हार्ड डिस्क फॉरमॅट करणे हे सारे दोन-तीन महिन्यांत जमते, म्हणून त्याविषयी येथे लिहीत नाही. गाडी अडते ती नेटवर्कपाशी. ‘मोबाईलवर कॅमेरे दिसत नाहीत’ एवढेच सांगणारा ग्राहकाचा फोन येतो आणि त्या एका वाक्यामागे दहा कारणे असू शकतात. आयटीआय करून मी या कामाला लागलो, तेव्हा पहिले वर्षभर या वाक्याची मला धास्ती वाटत असे. डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून जायचे, काही सापडायचे नाही, फेरीचे पैसे मागायचीही लाज वाटायची. तुमच्यापैकी अनेकांचे सध्या हेच चालले असेल. त्यात तुमची अक्कल कमी पडते असे समजू नका. हे काम नीट बसून शिकवणारी माणसे आपल्या धंद्यात फार थोडी आहेत.

घरी पोहोचल्यावर सर्वांत आधी दोष कोणत्या टप्प्यात आहे ते ठरवा. डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचे चित्र साठवणाऱ्या यंत्राला) जोडलेल्या मॉनिटरवर चित्र दिसते का? दिसत नसेल तर नेटवर्कला हात लावू नका. कॅमेरा, केबल आणि अडॅप्टर पाहा. मॉनिटरवर दिसते, पण घरच्याच वायफायवरून लॅपटॉपवर डीव्हीआरचा पत्ता (नेटवर्कमधला त्याचा आयपी क्रमांक) टाकून उघडत नसेल, तर दोष घरातल्या नेटवर्कमध्ये आहे. घरात उघडते आणि केवळ मोबाईल डेटावरून ॲपमध्ये दिसत नसेल, तर गेटवे (घराबाहेर जाण्याची वाट, म्हणजे राउटरचा पत्ता), डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याची बाजू तपासा. या तीन प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे न देता थेट फॅक्टरी रिसेट करणारा माणूस दुरुस्ती करत नाही, तो पुरावा पुसून टाकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त छळले ती सविस्तर सांगतो, कारण आजही तीच चूक मला दर महिन्याला कोणाच्या ना कोणाच्या कामात दिसते.

मुलुंड पूर्वेला एका घरी मी चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर बसवला. चार दिवसांनी तेथील काकूंचा फोन आला की मोबाईलवर ‘ऑफलाइन’ येते. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर सर्व काही सुरळीत. पुन्हा फोन, पुन्हा दुपारची फेरी, पुन्हा सुरळीत. मी पॅच कॉर्ड बदलली, राउटरचे पोर्ट बदलले, अडॅप्टर नवा लावला आणि शेवटी दुकानातून दुसरा डीव्हीआर आणून बसवला. तरीही तेच. तिसऱ्या फेरीला काकू म्हणाल्या, “अरे, तू येतोस तेव्हा चालतं, गेलास की बंद पडतं. एकदा संध्याकाळी ये ना.” मला ते टोमण्यासारखे वाटले, प्रत्यक्षात त्यांनी दोषाचा पत्ताच माझ्या हातात दिला होता.

संध्याकाळी साडेसहाला जाऊन बसलो. चित्र व्यवस्थित येत होते. सातच्या सुमारास आजींनी भिंतीवरचा बोर्ड चालू केला, टीव्ही लागला, मालिका सुरू झाली आणि माझ्या हातातल्या मोबाईलवरचे चारही चौकोन एकामागून एक गोठले. दुपारी विजेची बचत म्हणून आजी टीव्हीचे बटण भिंतीवरूनच बंद करत असत. टीव्ही वायफायवर होता आणि राउटरने त्याला दिलेला पत्ता होता १९२.१६८.०.१०८. डीव्हीआरमध्ये मी हाताने भरलेला पत्ताही तोच होता. एकाच पत्त्यावर दोन उपकरणे आली की त्यांचा झगडा होतो.

हा १०८ कुठून आला ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. दाहुआ कंपनीच्या रेकॉर्डरांचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१०८ असतो. ज्या दादांच्या हाताखाली मी शिकलो, ते शेवटचा आकडा कायम ठेवून तिसरा आकडा तेवढा राउटरप्रमाणे बदलत असत, म्हणजे कोणत्याही घरी गेले तरी डीव्हीआर १०८ वरच सापडावा. ही युक्ती त्यांना वर्षानुवर्षे चालली, कारण पूर्वी घरात दोन मोबाईल आणि एक संगणक एवढाच पसारा असे. बऱ्याच टीपी-लिंक राउटरांत पत्ते वाटण्याची मूळ हद्द १९२.१६८.०.१०० ते १९२.१६८.०.१९९ अशी असते. पत्ते ओळीने वाटले गेले, तर १०८ हा नवव्या उपकरणाच्या वाट्याला येतो. मुंबईतल्या टू-बीएचकेमध्ये आज पाच माणसांचे मोबाईल, दोन लॅपटॉप, प्रिंटर आणि टीव्ही मोजले की नऊ सहज भरतात. हाताने भरलेल्या पत्त्याची राउटरला काहीच खबर नसते. त्याच्या वहीत तो पत्ता रिकामाच असतो आणि तो निर्धास्तपणे दुसऱ्याला देऊन टाकतो.

“मी तर पत्ता भरण्याआधी पिंग करून पाहिले होते” असे तुम्ही म्हणाल. (पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून कोणी उत्तर देते का ते पाहणे.) मीही पाहिले होते. पण दुपारी बंद असलेला टीव्ही उत्तर देणार कसा? शिवाय चालू असलेले उपकरणसुद्धा पिंगला उत्तर देईलच असे नाही. विंडोजच्या फायरवॉलमुळे अनेक लॅपटॉप गप्प राहतात. म्हणून विंडोजवर पिंग केल्यावर कोणता संदेश आला, ते शब्दशः वाचा. आपल्याच नेटवर्कमधल्या पत्त्याला ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे आले, तर त्या क्षणी त्या पत्त्यावर कोणीही नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आले, तर तेथे कोणीतरी बसलेले असण्याची दाट शक्यता आहे. ते फक्त बोलत नाही. लगेच ‘एआरपी -ए’ ही (कोणत्या पत्त्यावर कोणते उपकरण आहे याची यादी दाखवणारी) आज्ञा द्या. त्या यादीत त्या पत्त्यासमोर मॅक क्रमांक (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसला, तर पत्ता व्यापलेला आहे. मॅकचे पहिले सहा अंक-अक्षरे उपकरण बनवणाऱ्याची खूण असतात, त्यावरून चोर टीव्ही आहे की प्रिंटर याचा अंदाज येतो.

झगडा आधीच सुरू झालेला असेल, तर याहून सोपी परीक्षा आहे. डीव्हीआरची नेटवर्क केबल काढा, लॅपटॉपवरील एआरपीची जुनी नोंद पुसा आणि डीव्हीआरच्या पत्त्यावर पुन्हा पिंग करा. केबल तुमच्या हातात लोंबत असताना त्या पत्त्यावरून उत्तर आले किंवा एआरपीच्या यादीत नवा मॅक उमटला, तर दुसरा मालक सापडला. त्या संध्याकाळी मी हे केले तेव्हा हात थरथरत होते. तीन फेऱ्या, एक बदललेला डीव्हीआर आणि शेठची बोलणी डोळ्यांसमोर होती.

उपाय दोन आहेत. पत्ता हाताने भरायचाच असेल, तर तो राउटरच्या वाटपाच्या हद्दीबाहेरचा भरा. वरच्या उदाहरणात १९२.१६८.०.२० चालेल. मला मात्र दुसरा उपाय अधिक पसंत आहे. डीव्हीआरला डीएचसीपीवर (राउटरने आपोआप पत्ता देण्याच्या पद्धतीवर) ठेवा आणि राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्वेशन’ करून डीव्हीआरच्या मॅकसाठी एक पत्ता राखून ठेवा. आपल्याकडे केबलवाला किंवा इंटरनेट कंपनी न सांगता राउटर बदलून जाते. काल १९२.१६८.१.१ असलेला राउटर आज जिओचा येतो आणि त्याचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो. हाताने पत्ता भरलेला डीव्हीआर त्या क्षणी घरातल्या घरात परका होतो. डीएचसीपीवरचा डीव्हीआर नव्या राउटरकडून नवा पत्ता घेतो आणि ॲप पूर्ववत चालते. नव्या राउटरवर रिझर्वेशन पुन्हा करावे लागते, हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवा.

या प्रकरणातली सर्वांत बोचणारी गोष्ट मला नंतर कळली. घरी परतण्यापूर्वी मी डीव्हीआरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडली. त्यात ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’च्या नोंदी ओळीने होत्या, जवळजवळ रोज संध्याकाळी सात ते साडेदहाच्या दरम्यान. यंत्र रोज सांगत होते. ते ओरडूनही सांगू शकले असते, पण दादांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते की डीव्हीआर बसवल्यावर त्याचा बझर (बिघाड झाला की वाजणारा भोंगा) बंद करायचा, म्हणजे ग्राहक कटकट करत नाही. दादांबद्दल मला आदर आहे. केबल सोलण्यापासून माणसांशी बोलण्यापर्यंत सारे त्यांनीच शिकवले. तरीही सांगतो, उस्तादाची सवय आणि उस्तादाचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सवय उचलताना तिचे कारण विचारलेच पाहिजे. डिस्क खराब होणे आणि आयपीचा झगडा या दोन सूचनांचा बझर मी आता कोणत्याही घरी बंद करत नाही.

डीएनएसविषयी थोडक्यात. पत्ता हाताने भरताना गेटवे किंवा डीएनएसचा रकाना चुकला, तर घरात सर्व चालते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मॉनिटरवर चित्र पाहून समाधानाने निघून येऊ नका. आपल्या मोबाईलचे वायफाय बंद करून डेटावर चित्र पाहा आणि मगच पिशवी आवरा.

पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून येणारी जोडणी राउटरमधून डीव्हीआरकडे वळवण्याच्या) मागे लागण्यापूर्वी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर पुरवठादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. मी यात एक पूर्ण रविवार घालवला आहे. अशा घरी क्यूआर कोड स्कॅन करून चालणारी, कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडून देणारी पीटूपी सेवाच वापरावी लागते.

काही जण चित्र दिसत नाही म्हणून डीव्हीआरला सरळ राउटरच्या डीएमझेड या सेटिंगमध्ये टाकतात. हे कधीही करू नका. त्यामुळे ते यंत्र संपूर्ण इंटरनेटसमोर उघडे पडते. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने मूळ पासवर्ड न बदललेले हजारो डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेने डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला चढवून अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. ती यंत्रे तुमच्या-माझ्यासारख्याच कोणीतरी घाईत बसवलेली होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या स्वस्त डीव्हीआरमध्ये पासवर्डचा रकाना मुळातच रिकामा असेल, तर तो ग्राहकासमोर बदला आणि त्याच्याच हातून भरून घ्या.

मुलुंडच्या त्या घरी मी रिझर्वेशन करून साडेआठपर्यंत बसून राहिलो. टीव्ही चालू होता आणि मोबाईलवर जिन्यातल्या कॅमेऱ्याचे चित्र हलत होते. काकूंनी चहा दिला आणि उरलेले पैसेही दिले. तिन्ही फेऱ्यांचे मी मागितले नाहीत. निघताना डीव्हीआरच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली : मॅक, राखून ठेवलेला पत्ता, राउटरचा पत्ता आणि तारीख. पुढच्या पावसाळ्यात गच्चीवरच्या कॅमेऱ्याचा कनेक्टर गंजला, तेव्हा तेथे दुसराच मुलगा गेला होता. त्याने ती चिठ्ठी वाचून मला फोन केला, नेटवर्क ठीक असल्याची खात्री करून घेतली आणि शिडी घेऊन थेट गच्चीवर गेला.