सावली आखूड, तर ऊन कडक

उन्हात उभं राहून आपली सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर अतिनील किरणांचा मारा जोरात आहे असं समजा आणि आडोसा शोधा. अंगाला चटका बसतोय की नाही, यावर भरवसा ठेवू नका. ऊब जाणवते ती मुख्यतः दृश्य आणि अवरक्त किरणांची. अतिनील किरणं जाणवतच नाहीत, म्हणून गार वारा सुटलेला असताना किंवा पातळ ढगांखालीही कातडी भाजून निघते. मोबाइलवरच्या हवामान अंदाजात यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या जोराचा आकडा, दिसतो. तो ३ किंवा जास्त असला की टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

सनस्क्रीन? जरूर लावा, पण बहुतेक जण चिमूटभर क्रीम अख्ख्या अंगाला पुरवतात! चेहरा आणि मान एवढ्यालाच दोन बोटांवर लांब रेघ ओढावी इतकं लागतं. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहून जातो. दर दोन तासांनी पुन्हा लावा, घाम पुसल्यावर तर लगेच.

गॉगल घेताना काच किती काळी आहे ते पाहू नका, ‘यूव्ही ४००’ (म्हणजे अतिनील किरणं अडवणारी काच) लिहिलंय का ते बघा. नुसत्या काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरणं जास्तच आत शिरतात.